गाडीच्या टपावरचा तंबू : कापडाआधी काटा पाहा

कापडाच्या धंद्यात आम्हाला तीस वर्षांहून अधिक काळ झाला. पिंपरीच्या बाजारात तागे उलगडता उलगडता केस पांढरे झाले. या काळात किती कापडे आली आणि किती गेली, त्याचा हिशेब नाही. गेलेल्या मालात एक नाव कॅनव्हासचे आहे. एके काळी आकुर्डीला बजाज टेम्पो आणि पिंपरीला टेल्को, अशा दोन मोठ्या कारखान्यांच्या सावलीत या भागात गाड्यांची कामे करणाऱ्यांची वस्ती वाढली. जीप, ट्रॅक्स, रिक्षा यांना कापडी हूड लागत असे. पुण्याच्या नाना पेठ, भवानी पेठेपासून भोसरीपर्यंत हूड शिवणारे बसलेले असत आणि त्यांत आपल्या समाजाचे कारीगर पुष्कळ होते. त्यांचा कॅनव्हास आमच्यासारख्यांच्या दुकानातून जात असे.

पुढे गाड्यांना पत्र्याचे टप आले आणि ट्रकवर प्लास्टिकची ताडपत्री आली. कॅनव्हासचे तागे दुकानाच्या मागच्या फळीवर गेले. हूड शिवणारे उस्ताद सीटकव्हर शिवू लागले. तेही काम आता तयार मालाने खाल्ले आहे. अशा वेळी याच कारीगरांच्या हाताला शोभेल असे एक नवे काम आमच्या पाहण्यात आले. ते काम म्हणजे गाडीच्या टपावर बसवायचा घडीचा तंबू. यात आम्ही स्वतः पैसे घातले, चुका केल्या आणि थोडे शिकलो. ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

ही वस्तू आहे तरी काय?

फारसी-उर्दूत तंबू शिवणाऱ्याला खय्याम म्हणतात. उमर खय्याम यांचे नाव याच हुन्नराचे आहे. म्हणजे तंबू काही नवा नाही, त्याची जागा नवी आहे. युरोपात १९५० च्या दशकाच्या शेवटी मोटारीच्या टपावरचे तंबू विकले जाऊ लागले. पूर्व जर्मनीत ट्रॅबंटसारख्या लहान गाडीवरही लोक असा तंबू बांधून सहलीला जात. आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातील लांबच्या कच्च्या रस्त्यांवर तो विशेष रुळला, कारण ओल्या जमिनीपासून, किड्यामुंग्यांपासून माणूस वर राहतो.

रचना साधी आहे. तळाची फळी मध्ये बिजागरीवर दुमडते. गाडी चालताना ती घडी करून रेक्झिनच्या झाकणाखाली टपावर असते. मुक्कामाला झाकण काढून शिडी खाली ओढली की फळीचा अर्धा भाग गाडीबाहेर उघडतो, शिडी त्याला टेकू देते आणि कापड आपोआप ताणले जाते. आत दोन माणसांची गादी असते.

आता गिऱ्हाईक कोण, ते पाहू. चाकणच्या एमआयडीसीत महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज अशा कंपन्या आल्या आणि त्यांच्यामागे सुटे भाग करणारे शेकडो कारखाने आले. तेथे चांगला पगार घेणारे तरुण चार चाकांना ताकद देणाऱ्या गाड्या घेतात आणि सुटीला पवना, मुळशी, जुन्नर, नाणेघाट अशा बाजूला जातात. बाहेरून येणारा तंबू लाखाच्या वर पडतो. म्हणून स्थानिक कारीगराला येथे जागा आहे.

आमचा पहिला नमुना

आमचा भाचा चाकणला सात-सात महिन्यांच्या कंत्राटावर फिटरचे काम करतो. दोन कंत्राटांमध्ये घरी बसावे लागते. अशाच एका रिकाम्या काळात, २०२४ च्या पावसाळ्यात तो दुकानात आला आणि म्हणाला, "मामू, कापड तुमचं, शिलाई उस्तादांची, फिटिंग माझं. एक तंबू करून पाहू या." उस्ताद म्हणजे आमचे जुने हूडवाले. वय सत्तरीकडे झुकलेले, पण जड मशीनवर हात अजून सरळ चालतो. पहिल्या नमुन्याला आमचे ३८ हजार रुपये लागले.

आम्ही कापडवाले, म्हणून पैसा वाचवायची बुद्धी कापडातच चालली. ट्रकची पीव्हीसी ताडपत्री घेतली. पाणी शिरणार नाही आणि स्वस्तही पडते, असा विचार केला. तळाला १२ मिलिमीटरचे प्लायवूड घातले, कॅरियर एमएसच्या चौकोनी पाईपचा वेल्ड करून घेतला. भाच्याच्या मित्राची लोखंडी टपाची जुनी गाडी होती, तिच्यावर तो बसवला आणि चाकणहून राजगुरुनगरमार्गे वाड्याच्या रस्त्याला निघालो.

चाळीसेक किलोमीटर झाल्यावर वरून खडखड ऐकू आली. गाडी बाजूला घेतली. तंबू धरणाऱ्या चार पट्ट्यांपैकी दोघींचे नट ढिले झाले होते आणि तंबू चार बोटे मागे सरकला होता. पुढे घाट होता. मागून एक मोटरसायकल येत होती, तिच्यावर नवरा-बायको आणि पुढे टाकीवर लहान मूल बसले होते. ते हात करून निघून गेले. आम्ही मात्र बराच वेळ रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. कोणाला काही झाले नाही, हे नशीब. त्यात आमची हुशारी काहीच नव्हती.

रात्री एका शेतकऱ्याच्या परवानगीने त्याच्या रानात मुक्काम केला. पाऊस नव्हता, तरी पहाटे गादी ओली झाली होती. आम्हाला वाटले, शिलाई गळते. उस्तादांनी आतून कापडावर बोट फिरवले आणि म्हणाले, "सेठ, हे बाहेरचं पाणी नाही, तुमच्याच श्वासाचं आहे." पीव्हीसीच्या कापडातून हवा जात नाही. दोन माणसांच्या श्वासाची वाफ रात्रभर थंड कापडावर जमून खाली ठिबकत होती. तीस वर्षे कापड विकून ही गोष्ट आम्हाला उस्तादांकडून शिकावी लागली.

काटा काय सांगतो

परत आल्यावर भाच्याने गाडीची पुस्तिका उघडली. तिच्यात टपावरच्या वजनाची मर्यादा ७५ किलो लिहिली होती. आम्ही तंबू सुटा केला आणि कुडळवाडीतील एका भंगारवाल्याच्या काट्यावर एकेक भाग तोलला. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेच्या कारवाईत कुडळवाडीची शेड आणि गोदामे पाडली गेली, त्यात तो काटाही तेथून उठला. वजनाचा कागद आम्ही जपून ठेवला आहे. तो असा :

प्लायवूडचा तळ : २६ किलो
एमएस पाईपचा कॅरियर : २६ किलो
कापड (सर्व मिळून) : ९ किलो
शिडी : ७ किलो
गादी : साडेसहा किलो
आतला सांगाडा : ६ किलो
रेक्झिनचे झाकण : ३ किलो
बिजागऱ्या, पट्ट्या, नट-बोल्ट : ३ किलो

बेरीज साडेशहाऐंशी किलो झाली. मर्यादेपेक्षा साडेअकरा किलो जास्त. आणि वाचकांनी पाहावे की ज्या कापडावर आम्ही एवढा विचार केला, ते एकूण वजनाचा जेमतेम दहावा हिस्सा होते. खरे ओझे फळीचे आणि कॅरियरचे होते आणि त्यांच्याकडे आम्ही पाहिलेही नव्हते.

दुसऱ्या वेळी प्लायवूडच्या जागी मधाच्या पोळ्यासारखी जाळी आत असलेली ॲल्युमिनियमची फळी घेतली, ती १३ किलो भरली. कॅरियर ॲल्युमिनियमचा केला, तो १४ किलो झाला. कापड बदलले, ते ६ किलोवर आले. एकूण साडेअठ्ठावन्न किलो झाले. खर्च वाढला, पण गाडी वळणावर डोलायची थांबली.

येथे एक शंका येते. टपाला ७५ किलोची मर्यादा, मग वर दोन माणसे झोपणार कशी? पुस्तिकेतील आकडा सहसा चालत्या गाडीचा असतो. खड्डा, वळण आणि ब्रेक यांच्या धक्क्याने वरचे वजन टपाला कित्येक पटींनी ओढते. उभ्या गाडीवर ते केवळ खाली दाबते, म्हणून उभ्या गाडीचा टप त्याहून बराच जास्त भार सोसतो आणि काही भार शिडीही घेते. तरी अंदाजावर जाऊ नये. उभ्या गाडीचा आकडा गाडीच्या कंपनीकडून लेखी मागावा. गाडीचा टप, कॅरियर आणि आडवे दांडे या तिघांपैकी ज्याची ताकद सर्वांत कमी, तोच आकडा खरा धरावा. ज्या गाडीचा टप कापडी किंवा फायबरचा आहे, त्या टपावर थेट तंबू बसवूच नये.

कापडाची परीक्षा

हा आमच्या घरचा विषय, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. तंबूच्या भिंतींना सुती-पॉलिएस्टर मिश्रणाचे, चौरस मीटरला २८० ते ३२० ग्रॅम वजनाचे कॅनव्हास आम्हाला योग्य वाटले. त्यात रिपस्टॉप विणीचे मिळाले तर उत्तम. या विणीत थोड्या थोड्या अंतरावर उभे-आडवे जाड सूत घातलेले असते, त्यामुळे कापडावर बारीक चौकटी दिसतात. काट्याने कापड फाटले तर फाट त्या सुताशी थांबते. सुताचा अंश असल्याने हवा थोडी खेळते आणि आतली वाफ बाहेर जाते. त्यावर पावसासाठी लेप दिलेल्या पॉलिएस्टरचे वेगळे छत, मध्ये चार बोटे हवा सोडून ताणावे. वर आणि खाली जाळीच्या खिडक्या ठेवाव्यात.

पाणी अडवण्याची ताकद मिलिमीटरमध्ये सांगतात. म्हणजे कापड पाण्याचा किती उंच स्तंभ सोसते, तो आकडा. वरच्या छताला २००० ते ३००० मिलिमीटर पुरतात. "वॉटरप्रूफ" एवढाच शब्द छापलेला माल घेऊ नये. एका व्यापाऱ्याने तोच शब्द सांगून आम्हाला एक तागा दिला होता, तो पहिल्या सरीत झिरपला. आता आम्ही हातभर तुकड्याची झोळी बांधून तीत पाणी भरतो आणि रात्रभर टांगून ठेवतो. सकाळी खाली थेंब दिसला, तर तागा परत जातो.

शिलाईत उस्तादांचा नियम असा. दोन्ही कडा एकमेकींत दुमडून दुहेरी शिलाई घालावी, इंचाला सहा ते आठ टाके ठेवावेत. याहून दाट टाके घातले तर सुईच्या भोकांनी कापडच कमजोर होते. धागा उन्हात न कुजणारा पॉलिएस्टरचा असावा. लेपाच्या कापडाच्या शिलाईवर आतून गरम पट्टी चिकटवावी. कॅनव्हासला पट्टीऐवजी पाणी दाखवावे : नवा तंबू उघडून पाण्याने पूर्ण भिजवावा, सावकाश वाळवावा आणि असे दोन-तीन वेळा करावे. सूत फुगते आणि भोके बुजतात. हे काम गिऱ्हाइकावर सोडू नये. आपण करून मगच माल द्यावा. आणि ओला तंबू कधी घडी करून ठेवू नये. मावळच्या पावसात तो चार दिवसांत बुरशीने काळा पडतो.

आगीबद्दल एक शब्द. १९९७ च्या हजमध्ये मिना येथे तंबूंना आग लागून ३०० हून अधिक हाजी मृत्युमुखी पडले. त्यानंतर तेथे काचतंतूच्या कापडावर टेफ्लॉनचा लेप दिलेले, आग न पकडणारे तंबू उभारले गेले. आपले कॅनव्हास तसे नाही. म्हणून तंबूत स्टोव्ह, शेगडी, मच्छर अगरबत्ती काहीही पेटवू नये. बंद तंबूत शेगडीच्या विषारी वायूने झोपेतच जीव जातो. ही सूचना शिवून लावलेल्या कापडी पट्टीवर मराठीत असावी.

बसवण्याची रीत

जुन्या जीप आणि सुमोसारख्या गाड्यांच्या टपाला कडेने पन्हळ असे, कॅरियरचे पाय तिला शिकंज्याने धरत. नव्या गाड्यांना बहुधा पन्हळ नसते. रेल असते किंवा कंपनीने दिलेल्या जागा असतात. पाय तेथेच बसवावेत, पत्र्याला नवीन भोक पाडू नये.

दोन आडवे दांडे शक्य तितके लांब, साधारण ८० सेंटिमीटर अंतरावर ठेवावेत. तंबूच्या तळाला ॲल्युमिनियमच्या दोन खाचेच्या पट्ट्या असतात. बोल्टचे डोके खाचेत सरकवून, दांड्याखालून पट्टी लावून नट आवळावेत. आम्ही आठ मिलिमीटरचे न गंजणारे बोल्ट वापरतो, त्यांना १३ नंबरचा पाना लागतो. पहिल्या वेळी साधे नट होते, तेच ढिले झाले. आता आत नायलॉनचे कडे असलेले नट लावतो. तंबू वर चढवायला चार माणसे घ्यावीत, दोघांनी धाडस करू नये. शिडी कोणत्या बाजूला उघडणार ते आधी ठरवावे. ती रस्त्याच्या बाजूला नको.

बसवल्यावर ५० किलोमीटर चालवून नट पुन्हा आवळावेत आणि पुढे प्रत्येक सहलीआधी पाहावेत. गाडीची नवी उंची टेपने मोजून चिठ्ठी चालकासमोर चिकटवावी, कारण रेल्वेखालचा बोगदा आणि मॉलचे तळघर कोणाची गय करत नाही.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितले. म्हणून तंबू किंवा कॅरियर गाडीच्या अंगाला वेल्ड करू नये. बोल्ट काढताच गाडी मूळ रूपात आली पाहिजे. एवढ्यानेही सर्व निभावते असे समजू नये. गिऱ्हाइकाने आरटीओ आणि विमा कंपनीला आधी लेखी विचारावे, असा आमचा आग्रह असतो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने गाड्यांपुढच्या बुलबारविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांना कळवले. असा हुकूम आला की भरून ठेवलेला माल व्यापाऱ्याच्या अंगावर पडतो. तेव्हा साठा करू नका, मागणीप्रमाणे करा.

बिलात तंबू आणि कॅरियर वेगळे लिहावेत. जीएसटीत तंबू, ताडपत्री हे ६३०६ या शीर्षकाखाली येतात, गाडीचे सामान वेगळ्या शीर्षकाखाली. चालू दर आपल्या हिशेबनिसाला विचारावा.

एक गिऱ्हाईक गेले, त्याची गोष्ट

गेल्या हिवाळ्यात भाच्याचे कंत्राट पुन्हा संपले होते. घरभाडे थकलेले. त्याच आठवड्यात एक सज्जन आले, पूर्ण रक्कम आगाऊ द्यायला तयार. दोन लहान मुले घेऊन त्यांना कोकणात जायचे होते. गाडीची पुस्तिका पाहिली, तर टपाची मर्यादा ५० किलो होती. आमचा सर्वांत हलका तंबू साडेअठ्ठावन्न. भाचा म्हणाला, "मामू, साडेआठ किलोनं काय होतं? त्यांना कुठं कळणार आहे?" उस्ताद काहीच बोलले नाहीत. त्यांनी मशीनवरचा हात काढून घेतला, एवढेच.

आम्ही त्या सज्जनांना कागद दाखवला आणि नकार दिला. ते रागावले, निघून गेले आणि परत आले नाहीत. भाचा दोन दिवस दुकानाकडे फिरकला नाही. नुकसान झाले, हे आम्ही लपवत नाही. पण वाड्याच्या रस्त्यावर टाकीवर बसलेले ते मूल आमच्या डोळ्यांपुढून जात नाही. कापडात एक गज कमी दिला, तर गिऱ्हाईक येऊन भांडू शकते. येथे मात्र किलो लपवले, तर त्याची किंमत मागून येणारा कोणी तिसराच देतो, ज्याचा आपल्या सौद्याशी काही संबंध नाही.

तिसऱ्या दिवशी भाचा आला, तो एक जुना वजनकाटा घेऊन. आता प्रत्येक तंबूबरोबर वजनाची चिठ्ठी जाते आणि तिच्यावर त्याचीच सही असते.

कारीगर बांधवांना सांगणे

आजवर आमचे तीन तंबू गेले आणि पाच दुरुस्तीला आले. दुरुस्तीतच खरी रोजी आहे, असे आमचे मत झाले आहे : फाटलेली जाळी, अडकलेली चेन, उखडलेली पट्टी, पावसाळ्याआधी पुन्हा लेप. यात भांडवल थोडे आणि हुन्नर जास्त लागतो. २०२१ मध्ये राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. टपावरचा तंबू म्हणजे कॅराव्हॅन नव्हे, पण घराबाहेर चाकांवर मुक्काम करणारे गिऱ्हाईक दोन्हींकडे तेच. २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेच्या १८ धंद्यांत दर्जी आणि लोहार हे दोन्ही आहेत. ज्यांना जड मशीन किंवा अवजारे घ्यायची आहेत, त्यांनी चौकशी करावी.

भाच्याने अजून नोकरीचा नाद सोडलेला नाही आणि आम्हीही त्याला सोडू दिलेला नाही. तीन तंबूंवर घर चालत नाही. मात्र उस्तादांकडे आता दोन मुले शिलाई शिकायला येतात आणि मागच्या फळीवरचा कॅनव्हास पुन्हा पुढे आला आहे. ज्या बांधवांना हे काम करायचे असेल, त्यांनी आधी एक चांगला काटा विकत घ्यावा, मशीन नंतर घ्यावे.